पंपिंग साठ आलं, पण भरतंय किती?

आमच्या पेठेत कुणी हृदयाची टू-डी इको, म्हणजे सोनोग्राफी, करून आलं की दारातच पहिला प्रश्न येतो, "पंपिंग किती आलं?" साठ म्हटलं की विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. तीस-पस्तीस म्हटलं की तो चपला काढून आत येऊन बसतो. दीड वर्षापूर्वी आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, रिपोर्ट घेऊन आलो तेव्हा मी जिन्यातूनच आईला हाक मारून सांगितलं, "आई, पंपिंग साठ आलं!" आईनं देवापुढं साखर ठेवली. आकडा ज्यांनी दिला त्यांनीही तेवढंच सांगितलं होतं, पंपिंग छान आहे, काळजी नको.

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. एकवीस वर्षं फळ्यावर हृदयाचे चार कप्पे काढतेय. त्या रिपोर्टातली तिसरी ओळ मी वाचली नाही, ही गोष्ट मला अजून टोचते. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आबा पैलवान. मंगळवार पेठेतल्या तालमीत वाढले. पहाटे चारला उठून रंकाळ्याला पळत फेरी, मग जोर, बैठका, मग हौद्यात लढत. शाहू महाराजांनी बांधून घेतलेल्या खासबागेत ते कितीदा उतरले ते त्यांनाही नीट आठवत नाही. पण उतरल्यावर काय दिसायचं ते आठवतं. "गोल मैदान हाय न्हवं ते, चहूबाजूनं माणसं वर चढत गेलेली. हिरीच्या तळाला उभा हाय असं वाटायचं." पुढं साखर कारखान्यात टाइमकीपरची नोकरी लागली. भरतीच्या तपासणीत डॉक्टरांनी नाडी मोजली ती ४६. त्यांनी घड्याळ बदलून पुन्हा मोजली, तरी ४६. ही गोष्ट आमच्या घरात दर सणाला एकदा तरी सांगितली जाते.

४६ म्हणजे काय ते बघा. तुमची-माझी नाडी ७२ धरली तर दिवसाला एक लाखावर ठोके होतात. आबांचे तेव्हा ६६ हजारांच्या आसपास. काम मात्र तेवढंच. विश्रांतीत अंगभर फिरवायचं रक्त मिनिटाला साधारण पाच लिटर. आपलं हृदय एका ठोक्याला सत्तरेक मिलिलिटर पुढं ढकलतं, त्यांचं शंभराहून जास्त. आता शंभर ढकलायचे तर आधी तेवढे आत यायला पाहिजेत. ते यायला वेळ लागतो, आणि संथ नाडी तो वेळ देते.

७२ च्या नाडीत एका ठोक्याचं सगळं चक्र ०.८ सेकंदाचं. त्यात पिळणं ०.३ सेकंद, उरलेला ०.५ सेकंद सैल पडून भरून घेणं. नाडी दीडशेवर गेली की सगळ्या चक्रालाच ०.४ सेकंद मिळतो. पिळण्याचा वेळ थोडाच कमी होतो, कापला जातो तो विसाव्याचा. अर्ध्या सेकंदाचा पाव सेकंदही उरत नाही. मुलांना मी हे बोटांनी टेबलावर वाजवून दाखवते. वेग वाढवला की टकटक तेवढीच राहते, मधली शांतता खाल्ली जाते.

त्या शांततेत आणखी एक गोष्ट होते. ती मला दरवर्षी नव्यानं आवडते. जुलैत प्रात्यक्षिकासाठी मी बकऱ्याचं हृदय आणते. आमच्या मटणवाल्याकडं काळीज मागितलं तर यकृत मिळतं, हृदयाला तो दिल म्हणतो. नळाखाली धरून आतल्या गाठी काढायच्या. वरच्या खाचांमध्ये पांढरी चरबी असते, तिच्याखालून करोनरी धमन्या गेलेल्या असतात. डावा कप्पा, म्हणजे डावं निलय, उभा चिरला की भिंत करंगळीएवढी जाड दिसते. उजव्याची तिच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. उजव्याला शेजारच्या फुफ्फुसापर्यंतच पोचवायचं असतं, डाव्याला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत.

पण मला दाखवायचं असतं ते वेगळंच, आणि ते चिरायच्या आधी करावं लागतं. महाधमनीच्या तोंडात वरून पाणी ओतायचं. पाणी आत उतरत नाही. तळाच्या झडपेचे तीन पदर फुगून एकमेकांना चिकटतात, तीन छोटे खिसे भरल्यासारखे. पाणी वर तसंच उभं राहतं. मग पाणी काढून, बोटानं पदर बाजूला सारून बघायचं. दोन खिशांच्या मागं भिंतीत एकेक बारीक भोक असतं. खराट्याची काडी त्यात सारली की ती हृदयाच्याच अंगात शिरते. हृदयाला स्वतःचं रक्त इथून मिळतं. महाधमनीच्या अगदी पहिल्या दोन फांद्या त्याच्या. तरी डावी भिंत पिळली जात असते तेव्हा तिच्यातल्या नळ्या तीच दाबून टाकते, रक्त शिरायला वाव राहत नाही. भिंत सैल पडली की मगच ते आत धावतं. पंक्तीत पहिलं ताट त्याचं, पण घास वाढणं थांबल्यावर.

आणि भूकही मोठी. बाकीचं शरीर आरामात असताना रक्तातला साधारण पाव हिस्सा प्राणवायू काढून घेतं. हृदय बसल्या जागी सत्तर टक्क्यांच्या आसपास काढून घेतं. म्हणजे जास्त काम पडलं तर त्याच रक्तातून आणखी ओरपायला फारसं काही उरलेलं नसतं, रक्तच जास्त यावं लागतं. आणि ते यायची वेळ विसाव्याची.

दुसऱ्या शतकातल्या गॅलेनला वाटायचं, हृदयाचं खरं काम फुगण्याचं. ते फुगतं आणि रक्त ओढून घेतं. विल्यम हार्वेनं १६२८ साली रक्ताभिसरण मांडलं तेव्हा हे उलटवलं. जिवंत प्राण्यांची हृदयं बघून त्यानं दाखवलं की काम आवळण्यात आहे. हार्वे बरोबरच होता. पण त्यानंतर आपण सगळे इतके आवळण्याच्या मागं लागलो की सैल पडणं म्हणजे नुसतं काम थांबणं असं धरून बसलो. निरोगी हृदय ठोका संपला की स्प्रिंगसारखं उसळतं आणि पहिलं रक्त खरोखरच ओढून घेतं. गॅलेनच्या म्हणण्यात तेवढा अंश खरा निघाला.

सैल पडायला ताकद लागते, हे मी मुलांना एका वाक्यात सांगून पुढं जायचे. आता जात नाही. स्नायू आवळतो तो पेशीत कॅल्शियम सुटल्यावर. सैल पडायचं तर तेच कॅल्शियम उपसून परत त्याच्या कोठारात भरावं लागतं. त्या उपसण्याला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च होतं. एटीपी संपलं की स्नायू सुटतच नाही. मयताला आंघोळ घालताना हात वाकत नाहीत ते याच कारणानं. गेल्या वर्षी हे सांगितल्यावर वर्ग गप्प झाला होता. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आमचे वस्ताद रोज ओरडत्यात, अंग सैल सोड म्हणून. ते लै अवघड असतंय." तो तालमीत जाणारा होता. मी त्याला म्हटलं, हृदयालाही अवघडच असतं.

आता आबा. कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. तूप, दूध, बदाम, आठवड्याला दोनदा मटण. वजन शंभराच्या घरात. पन्नाशीनंतर रक्तदाब १६०-१०० निघाला. गोळी सुरू झाली, पण त्यांच्या मर्जीनं. डोकं दुखलं की घ्यायची, बरं वाटलं की बंद. असं दहा-बारा वर्षं चाललं. पहिल्या इकोत भिंत १४ मिलिमीटर जाड लिहून आली. पुरुषांत साधारण दहापर्यंत असते. त्यावर आबा म्हणाले, "पैलवानाचं काळीज हाय ते. जाडच असणार." दादाला ते पटलं, आईला पटलं, आणि मलाही पटलं.

पटण्यासारखंच होतं. १९७५ साली मॉर्गनरॉथ आणि सहकाऱ्यांनी खेळाडूंची हृदयं इकोनं मोजली होती, त्यात पैलवान होते. पळणाऱ्या-पोहणाऱ्यांच्या हृदयाचा कप्पा मोठा झालेला, पैलवान आणि गोळाफेक करणाऱ्यांची भिंत जाड झालेली, असं त्यांना दिसलं. पुढच्या अभ्यासांत ही वाटणी इतकी स्वच्छ राहिली नाही, पण मूळ मुद्दा टिकला, की भार पडेल तसं हृदय घडतं. दम कोंडून डाव लावताना रक्तदाब क्षणभर भयंकर चढतो, भिंत त्याला उत्तर देते. पण खेळाडूची जाड भिंत चांगली सैल पडते आणि कसरत सुटल्यावर महिन्यांत पुन्हा उतरू लागते. आबांनी शेवटची कुस्ती खेळून चाळीस वर्षं होऊन गेली होती. चाळीस वर्षांनी शिल्लक राहिलेली जाडी तालमीतली नव्हती. ती रक्तदाबाची होती. रक्तदाब रोजचा, चोवीस तासांचा, त्याला कुस्तीसारखा निकाल लागून उठायचं नसतं. त्यानं जाड झालेल्या भिंतीत स्नायूंच्या मध्ये चिवट तंतू भरत जातात. भिंत जाडच होत नाही, कडक होते.

गेल्या चैत्रात आम्ही जोतिबाला गेलो. गुलालानं सगळं गुलाबी झालेलं, सासनकाठ्या नाचत होत्या, आबा खुशीत होते. दर्शन झालं. परत पायऱ्या चढताना आठ-दहा पायऱ्यांवर ते थांबले. मला वाटलं, मागच्यांची वाट बघतायत. मग दिसलं की त्यांनी कठड्याला हात धरलाय आणि ओठ आवळून श्वास सोडतायत. "आबा, मी धरतो तुम्हाला," मी म्हटलं. (आमच्याकडं पोरीही धरतो-जातोच म्हणतात.) त्यांनी हात झटकला नाही. मला भीती वाटली ती तेव्हा. माझ्या वडिलांनी जन्मात कुणाला आधार देऊ दिला नव्हता.

घरी आल्यावर एकेक गोष्ट जुळत गेली. आई म्हणाली, गेले दोन महिने ते दोन उशा घेऊन झोपतायत. संध्याकाळी त्यांची कोल्हापुरी चप्पल पायात जाईना झाली होती, काढल्यावर पट्ट्याची खोल खूण उमटायची. आम्ही सगळे एकच म्हणत होतो, पण पंपिंग तर साठ आहे.

यावेळी दुसऱ्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी नवीन काही करायच्या आधी जुना रिपोर्ट मागितला आणि तिसऱ्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. डायस्टोलिक डिसफंक्शन, म्हणजे सैल पडून भरण्यातला बिघाड, ग्रेड दोन. शेजारी, डावं अलिंद, म्हणजे निलयाच्या वरचा कप्पा, वाढलेलं. मग कागदाच्या मागं दोन पिशव्या काढल्या. पहिलीत लिहिलं १२०, दुसरीत ९०. "पंपिंग म्हणजे टक्केवारी," त्या म्हणाल्या. "आत आलेल्यातलं किती बाहेर गेलं. १२० चे साठ टक्के बहात्तर. नव्वदचे साठ टक्के चौपन्न. टक्के दोन्हीकडं साठच."

मी गणितही शिकवू शकले असते इतकं ते सोपं होतं. पिशवी कडक झाली, कमी भरली, त्यातलं साठ टक्के नेमानं बाहेर गेलं, आणि आम्ही देवापुढं साखर ठेवली.

कडक पिशवी भरायची तर मागून जोर जास्त लागतो. डाव्या अलिंदात दाब वाढतो, तो मागं फुफ्फुसातल्या शिरांत जातो, आणि फार वाढला की पाणी फुफ्फुसात झिरपायला लागतं. आडवं झाल्यावर पायांतलं रक्तही छातीकडं येतं, म्हणून उशा वाढतात. चढ चढताना नाडी वाढते, भरायचा वेळ कापला जातो. जे हृदय आधीच सावकाश सैल पडतंय त्याला नेमका तोच वेळ हवा असतो. जोतिबाच्या दहाव्या पायरीवर आबा थांबले ते एवढ्यासाठी.

नवीन इको करताना मी आत उभी होते. ध्वनिलहरींचं हे यंत्र १९५३ साली स्वीडनमधल्या लुंडमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी पहिल्यांदा हृदयावर लावलं. जहाजांच्या कारखान्यात धातूतल्या भेगा शोधायला वापरायचे ते. पडद्यावर रक्त आत येण्याच्या दोन टेकड्या दिसतात. पहिली कप्पा सैल पडल्याबरोबर धावत येणाऱ्या रक्ताची, दुसरी शेवटी अलिंद आवळून जो धक्का देतं त्याची. तरुणपणी पहिली उंच. कडकपणा सुरू झाला की पहिली खुजी होते आणि दुसरी वर जाते. पुढं मागचा दाब वाढला की त्या दाबानंच पहिली पुन्हा उंच दिसायला लागते, चित्र अगदी निरोगी माणसासारखं. ग्रेड दोन ती हीच. आबांचं चित्र असं होतं. डॉक्टरांनी मग भिंतीचाच सैल पडण्याचा वेग मोजला, तो मंद निघाला. ताणलेलं हृदय जे संप्रेरक सोडतं तेही रक्तात वाढलेलं होतं. त्याला बीएनपी म्हणतात. १९८८ साली ते डुकराच्या मेंदूत सापडलं म्हणून त्याच्या नावात मेंदू बसलाय, बी म्हणजे ब्रेन. किडनीला ते सांगत असतं, मीठ-पाणी बाहेर काढ.

एक लिहायलाच हवं. साठीपुढच्या पुष्कळ माणसांच्या रिपोर्टात डायस्टोलिक डिसफंक्शन ग्रेड एक लिहिलेलं असतं. वयानं भिंत थोडी कडक होतेच. तेवढ्यावरून कुणी हातपाय गाळू नयेत. पण ती ओळ दिसली आणि शिवाय दम लागतोय, पाय सुजतायत, उशा वाढल्यात, तर पंपिंग चांगलंय एवढ्यावर उठून येऊ नये. विचारावं, भरतंय नीट?

उपचार मला वाटले त्यापेक्षा साधे निघाले. लघवी वाढवणारी गोळी. रक्तदाबाची गोळी रोज, बरं वाटलं तरी. आणि एक मधुमेहाची गोळी, जिच्यावरून घरात वाद झाला. "मला साखर न्हाय, मग साखरेची गोळी कशापायी?" आबांचा प्रश्न रास्त होता. या गोळ्या किडनीवाटे साखर आणि मीठ बाहेर काढतात. पंपिंग चांगलं असूनही हृदय थकलेल्या लोकांना त्यातल्या एका औषधामुळं हॉस्पिटलात कमी वेळा भरती व्हावं लागतं, हे २०२१ साली मोठ्या चाचणीत दिसलं. त्याआधी या आजारावर बराच काळ ठोस असं काही हाती लागत नव्हतं. मी हे समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि गोळी गिळली.

मिठाचं मात्र अवघड गेलं. आमच्या घरात खर्डा जेवणाला नव्हे, जेवण खर्ड्याला असतं. लोणचं, पापड, रविवारच्या मिसळीवरचं फरसाण. आईनं पंचावन्न वर्षं ज्या हातानं मीठ टाकलं तो हात आखडता घ्यायचा म्हणजे तिला नवीन स्वयंपाक शिकण्यासारखं होतं. तिनं ताटात वेगळं मीठ वाढणं आधी बंद केलं. मग पांढऱ्या रश्श्यात मीठ निम्मं आणि आलं-लसूण थोडं जास्त. आबा पहिले पंधरा दिवस ताटावर काही बोलले नाहीत, जे त्यांच्या बाबतीत भांडणापेक्षा वाईट असतं. एक दिवस वाटी पुढं केली, "अजून घाल." आई ओट्याकडं वळून डोळे पुसत होती.

सुजेचं पाणी उतरलं तसं पहिल्या महिन्यात वजन साडेचार किलोनं कमी झालं. चप्पल बसायला लागली. उशी एकावर आली. रोज सकाळी वजन करून कॅलेंडरवर लिहायचं काम दादाकडं आहे. दोन-तीन दिवसांत दोन किलो चढलं तर डॉक्टरांना फोन करायचा असं ठरलंय, आणि एकदा तो करावाही लागला. लग्नाच्या जेवणानंतर.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर रंकाळ्याला जाते. पूर्ण फेरी नाही, जमेल तेवढं. चालता चालता बोलता येईल एवढाच वेग ठेवायचा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. परवा पळणारी पोरं शेजारून गेली, घामानं भिजलेली, तालमीतलीच असावीत. त्यातल्या एकानं आबांना ओळखून वाकून नमस्कार केला आणि परत पळत सुटला. आबा कठड्याजवळच्या बाकावर बसले. उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर ठेवली, दुसऱ्या बाजूला माझं घड्याळ धरायला लावलं. मी काहीतरी विचारत होते, त्यांनी मानेनंच गप्प बसायला सांगितलं. पाण्याकडं बघत ते मिनिटभर मोजत राहिले.

"बासष्ट," म्हणाले. "अजून जरा बसू."